तिसऱ्या फळीवरचं नाव

उत्तरेकडच्या आपल्या बेटांवरच्या हाम्राविक गावात वल्हं मारू शकतील अशा मुली सहा, आणि तेर्ना होडीला वल्हेकरी लागायचे तेही सहाच. एक जास्त नाही, एक उणी नाही. देवानं मोजूनच धाडल्यात, असं होडीचा तांडेल हायनी म्हणायचा, आणि दाढीत हसत पुढं जोडायचा, "मोजताना जरा घाई झाली त्याची. एक-दोन अर्ध्या मापाच्याच आल्यात."

अर्ध्या मापाची म्हणजे रॅनवा. अठरा वर्षांची, खांद्यानं अरुंद, हातापायांच्या काड्या. पण बसायची मात्र तिसऱ्या फळीवर, जिथं होडीचा खरा जोर असतो. नऊ वर्षांची असल्यापासून ती धक्क्यावर उभी राहून ती फळी नुसती डोळ्यांनी खायची. घरी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून झाडूच्या दांड्यानं वल्हं मारायची, आणि तिची आई तुरिद म्हणायची, "बाई, त्याच झाडूनं जरा खालीपण मार, कचरा आहे."

हाम्राविकमध्ये फळी कुणी कुणाची काढून घेत नाही. जिची असेल तिनं धक्क्यावर, सगळ्यांदेखत, स्वतःच्या तोंडानं म्हणायचं की माझी फळी मी अमकीला दिली. दिली म्हणजे दिली. उसनी द्यायची नाही आणि परत मागायची नाही. तांडेलालासुद्धा त्यात बोलायचा हक्क नाही. दोन वर्षांपूर्वी बाइन्ताला दिवस गेले आणि तिनं ती तिसरी फळी रॅनवाला दिली. त्या दिवशी रॅनवा इतकी ओरडली की वरच्या उतारावरच्या मेंढ्या पांगल्या. बाइन्ता कशी दिसत होती, हसली की नाही, हे तिनं पाहिलंच नाही. कोण बघतं अशा वेळी?

आता हे सगळं असं असताना रॅनवाच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं.

जूनमध्ये सुरू झालं. बरगडीखाली, आत कुठंतरी, कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं. पण जूनमध्ये आपल्या बेटांवर कुणाची पाठ दुखत नाही? दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या गावात होड्यांची शर्यत, आणि आठवडाभर सराव. सहाच्या सहा मुली म्हाताऱ्यांसारख्या वाकून चालायच्या आणि त्याची ऐटही मिरवायच्या. हायनीनं तिला मेंढीच्या चरबीचा डबा दिला. "चोळ रात्री. माझ्या बापानं ह्याच्यावर ऐंशी वर्षं काढली."

"आणि मग?"

"मग मेला. पण पाठीनं नाही."

रॅनवानं चोळली. वासानं मांजर तिच्या खोलीत मुक्कामाला आलं, दुखणं काही गेलं नाही. मग एकदा लघवी लालसर झाली. तुरिदच्या हातची मुरवलेली बिटं घरात तिन्ही त्रिकाळ पावावर असायचीच, तेव्हा रॅनवानं स्वतःला सांगितलं की बीट आहे. दुसऱ्यांदा झाली तेव्हाही बीटच. तिसऱ्यांदा झाली त्या आठवड्यात तिनं बीट खाल्लंच नव्हतं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी तिनं तोंडातून चकार शब्द काढला नाही. काढला असता तर आईनं डॉक्टरकडे नेलं असतं, डॉक्टरनं विश्रांती सांगितली असती, आणि सहातली एक गेली की तेर्ना होडीघरात. म्हणजे तेर्ना पाण्यात जायला रॅनवाला आपली फळी कुणाला तरी देऊन टाकावी लागली असती. कायमची! आणि ओलावसोकाचा सण आला होता बारा दिवसांवर. वर्षभरात छप्पन्न शर्यती होवोत, ओलावसोकाची शर्यत ती शर्यत. त्या दिवशी राजधानीच्या खाडीवर अख्खी बेटं जमतात, आणि जो येऊ शकत नाही तो रेडिओला कान लावून बसतो.

सरावाच्या त्या संध्याकाळी पाणी आरशासारखं होतं. सातशे मीटर झाले असतील. रॅनवानं वल्हं ओढलं आणि कुशीत काहीतरी फाटलं. आवाज झाला नाही, पण तिला तो ऐकू आला. पुढची दोन वल्हीही तिनं मारली, हे नंतर सगळ्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं, कौतुकानं की रागानं ते कळेना. मग ती पुढं वाकली ती वाकलीच. हायनीनं सुकाणू टाकून दिलं आणि फळ्यांवरून धावत तिच्याकडे आला. चालत्या होडीत तांडेल आपली जागा सोडतो हे मुलींनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यावरूनच त्यांना कळलं की प्रकरण साधं नाही.

समुद्राखालच्या बोगद्यातून रुग्णवाहिकेनं राजधानीला नेलं. तिथं यंत्रात घालून फोटो काढले, दोन बाटल्या रक्त चढवलं आणि विमानात घालून कोपनहेगनला पाठवलं. शेजारी तुरिद बसली होती, मासळीच्या कारखान्यातले पांढरे गमबूट तिच्या पायात तसेच. बाप ग्रीनलंडजवळ ट्रॉलरवर, त्याला निरोप गेला होता. रॅनवा शुद्धीत आली की एकच विचारायची, "हायनीनं होडी नीट आत घेतली का?"

"घेतली गं बाई. तू आधी स्वतःला आत घे."

*

डॉक्टरीणबाईंचं नाव सिग्ने. उंच, चष्मा केसांत खोवलेला, बोलायला एकदम सडेतोड. त्यांनी पडद्यावर रॅनवाचं डावं मूत्रपिंड दाखवलं. खालच्या टोकाला लिंबाएवढी नव्हे, चांगली मोसंब्याएवढी गाठ होती.

"कॅन्सर नाही," त्या आधीच म्हणाल्या, कारण तुरिदचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. "साधी गाठ आहे. चरबी, थोडा स्नायू आणि रक्तवाहिन्या, यांचं गाठोडं. कित्येकांना जन्मभर पत्ताही लागत नाही. पण मोठी झाली की आतल्या वाहिन्या फुग्यासारख्या फुगतात, आणि एखादी आपली आपण फुटते. तुझी फुटली."

"चरबी?" रॅनवा म्हणाली. "आई, हायनीची मेंढी आत शिरली."

तुरिद हसली आणि हसताहसता रडायला लागली.

पूर्वी असं झालं की पोट उघडायचे आणि मूत्रपिंडच काढून टाकायचे, सिग्नेबाईंनी सांगितलं. आता तसं नाही. जांघेतल्या रोहिणीतून शेवईएवढी नळी घालायची, ती हळूहळू मूत्रपिंडापर्यंत न्यायची, जी वाहिनी गळते आहे नेमकी तीच शोधायची, आणि आतून बुजवायची. बारीक कण सोडून आणि केसासारख्या तारेची वेटोळी बसवून. मूत्रपिंड जागच्या जागी.

रॅनवा जागीच होती. फक्त जांघ बधिर केलेली. नळीतून औषध सोडलं की कुशीत ऊन ऊन वाटायचं, जणू कुणी आत चहा सांडला, आणि पडद्यावर तिच्या मूत्रपिंडाचं झाड उमटायचं, काळ्या फांद्यांचं. आपल्या बेटांवर झाड म्हणून काही नसतंच, आणि हे एवढं डेरेदार झाड इतकी वर्षं तिच्या पोटात! खालच्या एका फांदीतून काळा धूर निघत होता. तेच ते गळणं. सिग्नेबाई कुणाशीही न बोलता बोटांनी नळी फिरवत होत्या, एवढीशी, एवढीशी. रॅनवाला त्या बोटांकडे पाहून हायनी आठवला, धुक्यात सुकाणू धरलेला. मग पुन्हा औषध, पुन्हा ऊन, पुन्हा झाड. धूर नव्हता.

"झालं?"

"आजचं झालं. वरच्या फांदीवर अजून एक फुगा आहे. तू फार रक्त घालवलंयस, म्हणून तो आज नको. दहा-बारा दिवसांनी तोही बुजवू. तोवर इथंच राहायचं, विमानबिमान नाही."

"अठ्ठावीस तारखेला मला वल्हं मारायचंय."

सिग्नेबाई हसल्या. मग त्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं. "अठ्ठावीसला सकाळी तू पुन्हा याच टेबलावर असशील. त्यानंतर दीड महिना जड काही उचलायचंही नाही. तो फुगा होडीत फुटला तर तुझा तांडेल काय करेल?"

चार दिवसांनी, मधे चढलेला ताप उतरल्यावर, हायनीचा फोन आला.

"काय म्हणतात डॉक्टर?" हायनीनं विचारलं. मागं पाण्याचा आवाज येत होता, धक्क्यावर लपलपणारं आपलं पाणी. "नावांची यादी बुधवारी छापायला जाते, म्हणून विचारतो. तू सांगशील तसं, पोरी. आम्ही पाच जणी... म्हणजे पाच जणी आणि मी, थांबू."

"येतेय," रॅनवा म्हणाली. "डॉक्टर म्हणाल्या चालेल."

"देवाच्यान?"

"घाल माझं नाव. तिसरी फळी."

फोनच्या पलीकडं पाचही जणी किंचाळल्या. रॅनवानं फोन उशीखाली सारला आणि भिंतीकडे तोंड केलं.

*

इस्पितळानं तिला आपल्या बेटांवरच्या रुग्णांसाठी असलेल्या विश्रामगृहात हलवलं. तिथं सगळे आपलेच. आपली भाषा, आपल्या वाळवलेल्या मेंढीच्या मटणाचा वास, आपल्याच चौकशा, "कुणाची गं तू? हाम्राविकची? म्हणजे तुरिदची. मग तुझा आजा तो, ज्याचं नाक मोडलं होतं." तरी रॅनवाला काही गोड लागेना. कोपनहेगन सपाट होतं, ताटासारखं. नजर जाते ती जातच राहते, कुठं डोंगराला आदळून परत येत नाही. झाडंच झाडं, त्यामुळे वारा आला तरी थेट अंगावर येत नव्हता, पानांतून गाळून यायचा. कालव्यापाशी जाऊन तिनं पाण्याचा वास घेतला. कसलाच नाही. समुद्राला वास नाही तर त्याला समुद्र कशाला म्हणायचं?

संध्याकाळी सहाला ती खिडकीत बसायची. तिकडं तेव्हा पाच वाजायचे, पाचला तेर्ना पाण्यात उतरायची. तिचे तळवे आपोआप वळायचे. दोन वर्षांत कमावलेले घट्टे सुटायला लागले होते, कडांनी पांढरी कातडी निघत होती, आणि ती एकेक सोलून टाकण्याऐवजी दाबून दाबून बसवत होती.

"नुसतं बघून पाणी कापलं जात नाही हो," मागून आवाज आला. हा दान्यल. सुदुरोय बेटावरचा ऐंशीचा कोळी, मोतीबिंदूसाठी आलेला, एका डोळ्यावर पट्टी. "आणि हाम्राविकवाल्यांना कधी कापताच आलं नाही म्हणा. तुमची होडी पुढं जाते ती आमच्या होडीनं उडवलेल्या लाटेवर."

"गेल्या वर्षी तुमची कितवी आली?"

"माझा डोळा गेला होता गेल्या वर्षी. मला काही दिसलं नाही."

रॅनवाला हसू आलं. पण लगेच तो खोटा शब्द आठवला. कुशीतल्या गाठीपेक्षा तो जास्त टोचत होता. तिला वाटायचं, काहीतरी होईल. सिग्नेबाई म्हणतील, अगं, फुगा नाहीसाच झाला. किंवा धुकं पडेल आणि शर्यत आठवडाभर पुढं जाईल. धुक्यासाठी तिनं प्रार्थनाही केली. आपल्या बेटांवर धुक्यासाठी प्रार्थना करणारी ती पहिलीच असेल.

गुरुवारी सकाळी तुरिद खोलीत आली ती फोन हातात घेऊन, आणि तिनं दार लावून घेतलं.

"हायनी विचारतोय, तुला शुक्रवारच्या विमानात बसवू की शनिवारच्या."

रॅनवा तळव्याची सुटलेली कातडी दाबत राहिली.

"मी म्हटलं, कसलं विमान? तो म्हणाला, डॉक्टरनं परवानगी दिलीय ना! कुठल्या डॉक्टरनं गं? मी तर एकच डॉक्टर पाहिली, आणि तिनं माझ्यासमोर सांगितलं होतं की तो फुगा फुटला तर पोर होडीतच जाईल."

"मला फक्त... अजून थोडे दिवस ती माझी राहायला हवी होती."

"कोण?"

"फळी!"

तुरिद पलंगाच्या कडेला बसली. कारखान्यात दिवसाला हजारो मासे कापणारी बाई, पण आवाज एकदम मऊ झाला. "राहिली असती गं तुझी. नुसती फळीच राहिली असती. बाकीच्या पाच जणी तीन दिवसांनी खाडीवर जाऊन उभ्या राहिल्या असत्या, तू येशील म्हणून वाट बघत. त्याचा विचार केलास?"

नव्हता केला. खरं सांगायचं तर केला होता, आणि दर वेळी अर्ध्यावर सोडला होता.

"आता सहावी कुठून आणणार ते?"

"ते मला विचारू नकोस," तुरिद म्हणाली. "गावात ज्याला त्याला ठाऊक आहे. दीड वर्ष झालं, बाळाची गाडी घेऊन रोज पाचला धक्क्यावर कोण येतं? हवा खायला येते असं वाटलं तुला?"

रॅनवाच्या डोळ्यांसमोर धक्का आला. खरंच की. होडी सुटताना आणि परत येताना, पावसात, वाऱ्यात, बाळाच्या गाडीच्या दांडीवर दोन्ही हात. आणि ते हात, आता आठवलं, ते हात गाडी मागं-पुढं करत नव्हते. ओढत होते. त्यांच्याच तालात. नऊ वर्षांची रॅनवा तिथं जशी उभी राहायची तशी आता चोवीस वर्षांची बाइन्ता उभी राहत होती, आणि रॅनवा रोज तिला हात हलवून पुढं जात होती. दिलेली फळी परत मागायची नाही. बाइन्ता मेली असती पण मागितली नसती.

"हायनीला म्हणावं, सगळ्यांना धक्क्यावर बोलाव," रॅनवा म्हणाली. "आणि बाइन्ताला."

पाचला तिकडून फोन आला. हायनीनं तो उंच धरला असावा, कारण वारा नुसता फर्र फर्र वाजत होता. "बोल, पोरी. सगळ्या आहेत. पाद्रीपण आलाय, त्याला वाटलं कुणी गेलं."

"हायनी, मी खोटं बोलले. डॉक्टर नाही म्हणाल्या होत्या. पहिल्याच दिवशी."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि विचारलं,

"उसनी चालणार नाही ना? या वर्षापुरती?"

"नाही, बाळा," हायनी म्हणाला. त्यानं तिला कधी बाळा म्हटलं नव्हतं.

रॅनवानं श्वास घेतला. कुशीत टोचलं. "माझी फळी," ती म्हणाली, आणि थांबली. एवढे दोन शब्द म्हणायला किती छान वाटतं! अजून एकदा म्हणून घ्यावेसे वाटले. "माझी तिसरी फळी मी बाइन्ताला दिली. दिली म्हणजे दिली."

तिकडं बाळ रडायला लागलं. बहुतेक कुणीतरी ते घाईनं दुसऱ्याच्या हातात दिलं असावं. मग बाइन्ताचा आवाज आला, अगदी जवळून.

"रॅनवा, माझे हात मऊ झालेत गं. तीन दिवसांत फोडच येतील नुसते."

"येऊ देत. आणि ऐक, चौथ्या फळीवरची सान्ना पाचशे मीटरनंतर घाई करते. तिला मागं ओढून धर."

"माहितेय. धक्क्यावरून रोज दिसतं."

*

अठ्ठावीसला सकाळी पुन्हा तेच टेबल, तोच चहा सांडल्यासारखा ऊन ऊन भास, पडद्यावर तेच काळं झाड. वरच्या फांदीवरचा फुगा सिग्नेबाईंनी तारेच्या वेटोळ्यांनी गच्च भरून टाकला. "मूत्रपिंड सगळं शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "आता चार तास उताणं पडायचं. उजवा पाय सरळ. गुडघा वाकवायचा नाही, डोकं उचलायचं नाही, हसायचंसुद्धा जपून. जांघेतलं भोक पुन्हा उघडलं तर मला यावं लागेल, आणि मला आज लवकर घरी जायचंय."

दुपारी तुरिद आणि दान्यल तिच्या खाटेपाशी बसले. दान्यलनं फोन उशीजवळ ठेवला आणि रेडिओ लावला. खाडीवरचा गोंगाट खोलीत शिरला, लाउडस्पीकर, बँड, समुद्रपक्षी, आणि त्या सगळ्यावर समालोचकाचा तो खडबडीत आवाज, जो ऐकत सगळी बेटं लहानाची मोठी झालीत.

"बायकांच्या होड्या निघाल्या सुरुवातीच्या रेषेकडे! पाचवी होडी, हाम्राविकची तेर्ना. तांडेल हायनी. पहिल्या फळीवर..." तो नावं वाचू लागला. रॅनवानं डोळे मिटले. "आणि तिसऱ्या फळीवर, तुरिदची रॅनवा!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"छापलेली यादी," तुरिद पुटपुटली. "बुधवारी गेली होती. त्याच्या हातात तीच आहे."

"पोचलीस की!" दान्यल म्हणाला. "विमानाशिवाय!"

शर्यत सुटली. आणि पुढची पाच मिनिटं रॅनवा तिथं होती. होतीच. समालोचक म्हणाला, तेर्ना मागं पडली, आणि तिची पाठ ताणली. समालोचक म्हणाला, तेर्नानं ताल पकडला, आणि तिचे हात चादरीवर मुठी वळून छातीकडे येऊ लागले. उजवा पाय आधार शोधत होता, टाच खाली रुतवून रेटा द्यायला आसुसला होता. तुरिदनं त्याच्यावर हात ठेवला. नुसता ठेवला, दाबला नाही. रॅनवानं तो पाय हलू दिला नाही. सगळं अंग ओढत होतं आणि एक पाय गप्प होता. आयुष्यात इतकं जड वल्हं तिनं कधी मारलं नव्हतं.

"शेवटचे दोनशे! तेर्ना सहावरून पाचवर! अरे, ती तिसऱ्या फळीवरची पोरगी बघा! रॅनवा! काय ओढतेय! सगळी होडी तिच्या पाठीवर चाललीय! तेर्ना चारवर! पार! तेर्ना चौथी! हाम्राविककर, हे नाव लक्षात ठेवा, रॅनवा!"

दान्यलनं खाटेच्या दांडीवर थाप मारली. "चौथी! आमची सातवी! माझ्या डोळ्यावर पट्टी आहे, मला काही दिसलं नाही."

रॅनवा छताकडे पाहत होती. किती गोड होतं ते! अठरा बेटांवरच्या स्वयंपाकघरांत, ट्रॉलरवर, कदाचित बापाच्याही ट्रॉलरवर, आत्ता तिचं नाव फिरत होतं. तिनं एक शब्द बोलायचं कारण नव्हतं. गावातले सोडले तर कुणाला कळणार होतं? आणि गावातलेही म्हणाले असते, राहू दे, आजारी पोर आहे.

फोड आले असतील, तिच्या मनात आलं. मऊ हात, तीन दिवस. रक्तही आलं असेल वल्ह्यावर. आणि धापा टाकत किनाऱ्याला लागल्यावर बाइन्ताला कुणीतरी येऊन सांगेल, रेडिओवर रॅनवाचं केवढं कौतुक झालं.

"त्या समालोचकाला फोन कसा लागतो?"

"अगं, असू दे," तुरिद म्हणाली.

"लागतो कसा?"

दान्यलनं मान हलवली. "त्याची आई माझ्या बायकोची मावसबहीण. त्याचा नंबर माझ्याकडे नसेल तर कुणाकडे असेल?" त्यानं एका डोळ्यानं शोधून नंबर लावला, पलीकडे कुणाशी तरी पाच मिनिटं तावातावानं भांडला, आणि फोन रॅनवाच्या कानाशी धरला.

"बोला, थेट प्रसारणात आहात," तो खडबडीत आवाज म्हणाला. "कोण बोलतंय?"

"हाम्राविकची रॅनवा."

"रॅनवा! अगं, तू तर आत्ता होडीतून उतरलीस!"

"नाही उतरले. मी कोपनहेगनला इस्पितळात उताणी पडलेय. तुमची यादी जुनी आहे, चूक माझी आहे. तिसऱ्या फळीवर बाइन्ता होती. जे काय ओढलं ते तिनं ओढलं. तिचं नाव घ्या. एकदा नाही, जितक्या वेळा माझं घेतलंत तितक्या वेळा."

पलीकडे कागद खसखसले.

"बाइन्ता," समालोचक म्हणाला. "ऐकलंत ना, मंडळी? हाम्राविकची बाइन्ता. तिसरी फळी, बाइन्ता. शेवटचे दोनशे मीटर, बाइन्ता." मग आवाज खाली आणून, जणू अख्खी बेटं ऐकत नाहीयेत अशा थाटात त्यानं विचारलं, "आणि तू गं, पोरी? तू पुढच्या वर्षी कुठल्या फळीवर?"

बाहेर, सपाट शहरावर, लख्ख ऊन होतं आणि वाऱ्याचा पत्ता नव्हता.

"मला फळी नाही आता," ती म्हणाली. "बघू. कुणी दिली तर."

त्यानं पुढं काहीतरी विचारलं, पण खाडीवर पुरुषांच्या होड्या निघाल्या होत्या आणि त्या आरोळ्यांत ते बुडालं. दान्यल फोन बंद करायला लागला.

"नको," रॅनवा म्हणाली. "राहू दे चालू."